हकीकत सांगणाऱ्याचे नाव व नाते

सात रस्ता, सोलापूर
१४ जून १९७६

दादास,

'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. पेन तिथं अडलं, तर म्हटलं अडू दे.

सव्वादोन वर्षांनी तुझं पत्र आलं. पोस्टमनच्या हातातल्या पाकिटावरचं अक्षर मी लांबूनच ओळखलं आणि ओले हात पुसायलाही थांबले नाही. वाटलं, दादाचा राग निवळला. आईच्या वर्षश्राद्धाला चार पाहुण्यांदेखत मला म्हणाला होतास, पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नकोस. ते विसरून आता बोलावतोय. उघडून बघते तर सात ओळी. मी जिवंत आहे का मेले, विचारलेलं नाही. तुझी छबू कितवीत गेली, सांगितलेलं नाही. 'सौ. शालन हिच्या सन १९७१ च्या केसपेपरची सही-शिक्क्यानिशी नक्कल ताबडतोब पाठविणे.' हे बहिणीला लिहिलंस की कारखान्याच्या स्टोअरकीपरला?

नक्कल मिळणार नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

ती कशाला हवी आहे, तेही मला कळतं. अकलूजला वकील असतात तसे सोलापुरातही आहेत. बायको मनानं आजारी आहे असं कागदावर दाखवलं की सुटका आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. मे महिन्यात कायदा बदलला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तुझं पत्र आलं. उसाच्या लागणीलासुद्धा कधी एवढी घाई केली नव्हतीस. शालनवहिनी तीन वर्षं मोहोळजवळ माहेरी आहेत, अकरा माणसांचा स्वयंपाक करतात, दोन म्हशींचं बघतात. ही बाई वेडी, आणि तिच्या लेकीला तिच्यापासून तोडून ठेवणारा तू शहाणा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तसाही तो कागद सापडत नाही. गेल्या पावसाळ्यात रेकॉर्डची खोली गळली, त्यात १९७१ चे बरेच गठ्ठे गेले.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. 'आमची विजू येड्यांच्या दवाखान्यात लिहिणं करती' असं तू पाहुण्यांना सांगायचास. खरंच आहे, लिहिणंच करते. बाई डॉक्टरांच्या आधी माझ्या टेबलाशी येते, केसपेपरच्या पहिल्या पानावर मी तिची हकीकत लिहिते आणि ती वाचून डॉक्टर उपचार ठरवतात. त्या पानावर उजवीकडे वर एक चौकट आहे, 'हकीकत सांगणाऱ्याचे नाव व नाते'. गेल्या दिवाळीत मी पाच वर्षांचे कागद काढून बसले. रोगी पुरुष असेल तर चौकटीत बहुतेक 'स्वतः'. बाई असेल तर 'पती', 'सासू', 'दीर', एका कागदावर तर 'घरमालक'. बाई शेजारी स्टुलावर बसलेली आहे, तिला वाचा आहे, आणि तिचं दुखणं सांगतोय घरमालक. मग लिहिलं काय जातं? गिरणीतला माणूस जेवण जात नाही, उठावंसं वाटत नाही, रडू येतं म्हणाला की ते 'डिप्रेशन', आणि पंधरा दिवस रजा. त्याच्याच बायकोला तेच झालं की 'हिस्टेरिया', आणि शेऱ्यात 'कामाचा कंटाळा'. हे वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणून मी गुरुवारची बैठक सुरू केली. घरच्या सगळ्यांना बोलावते, सतरंजीवर बसवते. नियम एकच. जिचं दुखणं ती आधी बोलणार, तोवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मागे अक्कलकोटकडची नागूबाई म्हणून एक आली होती, तिचे दोन्ही हात लुळे पडायचे. डॉक्टरांना हातात काही दोष सापडेना. नवरा सिद्रामप्पा, सासू, दोन नणंदा, सगळे आले. नागूबाई वीस मिनिटं गप्प. सासूनं तीनदा तोंड उघडलं, तीनदा मी बोट वर केलं. शेवटी ती सतरंजीकडं बघत म्हणाली, "मला एक डाव बसून जेवायचं हाय. कुनीतरी ताट वाढून द्यावं." नऊ वर्षं ती बाई चुलीपाशी उभ्यानं उरलंसुरलं खात होती. सिद्रामप्पा आधी हसला. बाकी कुणी हसेना तेव्हा थांबला. मी कागदावर लिहिलं की रोज एक वेळ नवऱ्यानं ताट वाढावं, आणि दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी त्यापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. दीड महिन्यात बाई घागर उचलायला लागली. औषधही चालू होतं, ते मी नाकारत नाही.

हे एवढं लांबण लावलं ते माझी फुशारकी म्हणून नाही. बाईला न विचारता तिच्याबद्दल लिहिलेल्या कागदाची किंमत मला आता कळते, म्हणून.

विजू


सोलापूर
३ जुलै १९७६

दादा,

तुझा माणूस धोंडप्पा परवा दवाखान्यात येऊन गेला. रेकॉर्डच्या मल्लप्पाला चहा पाजून त्यानं चौकशी केली. मल्लप्पा सरळ माणूस. खोली कधीच गळली नाही, गठ्ठे कोरडे आहेत, फक्त तो एक कागद विजयमालाबाईंनी वाचायला नेलाय, असं त्यानं सांगून टाकलं. लगेच तुझं पत्र, त्यात 'खोटारडी' हा शब्द तीनदा.

खोटं लिहिलं होतं. कागद माझ्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली. दवाखान्याचा कागद घरी आणणं हा गुन्हा आहे हे मला तू सांगायला नको. दोनदा फाडायला घेतला आणि दोनदा परत घडी घातली.

तू लिहितोस की मी तुझ्यामुळं शिकले. त्याला मी कधी नाही म्हटलंय? भावकीतला एकेक जण येऊन सांगत होता की पोरीला मुंबईला पाठवू नका, हाताबाहेर जाईल. तू एकटा त्यांच्यासमोर उभा राहिलास. कुर्डुवाडीला गाडीत बसवून देताना माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतलीस, हमाल केला नाहीस, आणि गाडी हलली तेव्हा तुझे डोळे भरले होते. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून तर संताप जास्त होतो. बहिणीला शिकवावं एवढी अक्कल ज्याला होती, त्याला बायकोच्या बाबतीत ती का नव्हती? आणि लिहायला शिकवलंस ते तुला हवं तसं लिहावं म्हणून शिकवलंस का?

त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. फेब्रुवारी १९७१. नोकरीला चार महिने झाले होते. तू वहिनींना जीपमधून घेऊन आलास. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत तू बसलास, वहिनी स्टुलावर. त्या पदर दातात धरून भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. नवऱ्यासमोर आणि नणंदेसमोर बाईनं काय बोलायचं असतं? तू सांगत गेलास, मी लिहीत गेले. जेवत नाही. मुलीकडं बघत नाही. एकटीच बडबडते. आणि ते वाक्य, ज्याच्यासाठी तुझा वकील आज जीव टाकतोय, 'अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीस हाका मारते.' तू म्हणाला होतास, "कुनीच नसतंय तितं आन ही हाका मारती." त्याचं शुद्ध मराठी मी केलं. मला माझ्या भाषेचा अभिमान वाटला होता. चौकटीत लिहिलं 'पती'. ही बाई माझी भावजय आहे, हा कागद दुसऱ्या कुणीतरी लिहावा, एवढंही मला सुचलं नाही. दुसरं कुणी लिहिलं तर घराण्याची लाज बाहेर जाईल, ती माझ्या हातून झाकली जावी असंच मला वाटत होतं.

त्या एका वाक्यावर तेव्हाच्या डॉक्टरांनी वहिनींना सहा वेळा शॉक दिले. शॉक गरजेच्या माणसाला उठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण वहिनींच्या दुखण्याला काय लागतं हे कुणी विचारलंच नाही, कारण माझा कागद पुढं होता. प्रत्येक खेपेला मी दाराबाहेर उभी होते.

मला तेव्हा खरी हकीकत माहीत नव्हती. असती तर मी असं लिहिलं नसतं.

कागद देणार नाही. अर्जच करू नकोस, एवढं ऐक.

विजू


सोलापूर
२९ ऑगस्ट १९७६

दादा,

अर्ज केलासच. वहिनी आता माझ्याकडं आहेत. शुक्रवारी त्यांच्या भावानं एक पिशवी आणि कोर्टाची नोटीस यांसकट त्यांना आणून सोडलं. वहिनींना चौथीपर्यंतचं वाचता येतं, पण ती नोटीस त्यांच्या हातात कुणी दिलीच नाही. भावानं ती ग्रामसेवकाकडं नेली आणि त्यानं पारावर पंधरा माणसांत मोठ्यानं वाचून दाखवली. आता त्या गावात बायका आपली पोरं वहिनींपासून लांब ओढतात. तुझ्या अर्जानं पहिल्याच आठवड्यात एवढं काम केलं.

कागद हाती नसताना त्यातलं वाक्य तू अर्जात घातलंस. डिस्चार्ज कार्डावर त्याचा सारांश होता, तो कपाटात जपून ठेवला होतास तर. वहिनींनी नोटिशीवर बोट ठेवून मला विचारलं, "वन्सं, हे कुनी लिवलं?" मी म्हणाले, दवाखान्यात लिहिलंय. तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाकरी थापत होत्या तेव्हा सांगितलं की ते मी लिहिलं. त्यांचा हात थांबला नाही. ती भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग म्हणाल्या, "व्हती की ती. नऊ दिस व्हती."

आता जे लिहिते ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुझ्या अर्जात ते नाही. १९७० च्या नोव्हेंबरात वहिनींना दुसरी मुलगी झाली. नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, नाव ठेवलेलं नव्हतं. घरामागच्या परड्यात खड्डा केला, मीठ टाकलं, अंघोळी केल्या आणि झालं. त्याच पंधरवड्यात चुलतभावाचं, हिंदुरावचं लग्न होतं. आई म्हणाली, नाव न ठेवलेल्याचं सुतक नसतं, सगळं चालतं. आपल्यात चालतं हे मलाही ठाऊक आहे. मग घरात कुणी रडायचं नाही, विषय काढायचा नाही, मंगल कार्य आहे. थोरली सून म्हणून वहिनींना हळदीला पुढं बसवलं. त्यांना दूध येत होतं. चोळी भिजली, आणि आईनं पाहुण्यांच्या बायकांना सांगितलं की ताक सांडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

मुलीला कुणी नाव ठेवलं नाही म्हणून वहिनींनी स्वतः ठेवलं, आपल्या गेलेल्या आईचं. बजा. परड्याच्या दारात उभं राहून त्या हाक मारायच्या, "बजे, ये गं." घरात कुणाला ही बजा माहीत नव्हती, म्हणून ती अस्तित्वात नव्हती. आपण जिला पुरली, तिला हाक मारणं हे वेड. आणि पुरून आठ दिवसांत त्याच अंगणात मांडव घालणं हे शहाणपण.

आता दुसरी गोष्ट. मागच्या पत्रात मी लिहिलं की मला माहीत नव्हतं. तेही खोटं. आईचं कार्ड आलं होतं. 'शालनला मुलगी झाली होती, गेली. लग्नाला ये.' मी लग्नाला आले होते, दादा. वहिनींचा चेहरा बघितला होता. आणि दवाखान्यात त्या दिवशी लिहायला बसण्याआधी तू मला व्हरांड्यात नेऊन म्हणालास, "त्या पोरीचं कागदावर घिऊ नगंस. हिंदुरावच्या सासरकडं बभ्रा व्हईल, अपशकुन म्हनत्याल." मी मान हलवली. 'अपत्ये' या ओळीपुढं माझ्या वळणदार अक्षरात आहे, 'एक, मुलगी, हयात'.

म्हणजे वेडाचा पुरावा तू आणलास आणि दुःखाचं कारण मी पुसलं. ट्रंकेत कागद लपवला तो वहिनींना वाचवायला, असं मी स्वतःलाही सांगत होते. खरं म्हणजे माझं अक्षर कुणी बघू नये म्हणून लपवला होता.

वहिनींनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी भाकरी वाढली.

विजू


सोलापूर
१६ जानेवारी १९७७

दादा,

तुझ्या बाजूचं साक्षीचं समन्स मिळालं. कागद शाबीत करायला लिहिणाराच लागतो, म्हणून तुझ्या वकिलानं मला बोलावलं आहे. सख्ख्या बहिणीचं माहेर बंद केलंस, आता तिचं तोंड उघडायला कोर्टाचा शिपाई पाठवलास.

कागद मी सप्टेंबरातच परत केला. मल्लप्पाच्या हातात दिला आणि घरी नेल्याचं साहेबांना लेखी कळवलं. साहेबांनी आत बोलावून दार लावलं. म्हणाले, बाई, साक्षीत एवढंच म्हणा की अक्षर माझं आहे, आणि खाली उतरा. दवाखान्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. तुमचा पुण्याचा निबंध नुकताच गाजलाय, पुढचं वर्ष तुमचंच आहे.

तो निबंध म्हणजे आणखी एक गंमत. बायकांचं डिप्रेशन आणि हकीकत सांगणारे नातेवाईक, असा विषय. नोव्हेंबरात पुण्याच्या परिषदेत वाचला. एकशे चाळीस कागदांचा आधार घेतला होता. टाळ्या पडल्या, एका प्राध्यापिकेनं उठून हात हातात घेतला. वहिनींचा कागद एकशे एकेचाळिसावा, तो मी वगळला होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर तासभर संतापून बोलले, आणि सगळ्यांत वाईट कागद माझा, तो ट्रंकेतून निघून फायलीत गप्प पडला होता. पुण्याहून येताना गाडीत मला स्वतःची किळस आली.

आणि आता तुझा निरोप. हिंदुराव संक्रांतीचा तिळगूळ घेऊन आला. गोड बोलायला सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, साक्ष नीट झाली तर दादा छबूला उन्हाळ्याच्या सुट्टीत हितं धाडतो म्हनलाय." पोटच्या पोरीची आईशी भेट, ती तू लाच म्हणून देऊ करतोस? वहिनी आतच होत्या, त्यांनी ऐकलं. त्या बाहेर आल्या, हिंदुरावच्या हातावर तिळगूळ ठेवला, पाणी दिलं आणि परत आत गेल्या.

सध्या देशात कुणी काही बोलायचं नाही असे दिवस आहेत म्हणतात. आपल्या घरात ते दिवस कायमचेच होते, म्हणून मला फारसा फरक जाणवत नाही.

पाठीत सुरा खुपसला असं तू म्हणू नयेस म्हणून आधीच कळवते. मी सांगणार आहे की अक्षर माझं आहे आणि मजकूर खोटा आहे. नऊ दिवसांची मुलगी होती, ती कागदावरून मी गाळली, आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही सांगणार. त्यानं माझी नोकरी जाईल. तुझं नाव अकलूजपासून माळशिरसपर्यंत होईल. दोन्ही टाळायचं असेल तर अजून वेळ आहे, अर्ज मागं घे. वहिनींना सन्मानानं घरी ने. छबूला आई मिळू दे, वहिनींना आपलं घर मिळू दे. त्यासाठी तर माझी ही सगळी धडपड चालली आहे. त्यांच्या मनात तरी याहून दुसरं काय असणार?

विजू


सोलापूर
२७ मार्च १९७७

दादा,

शुक्रवारी तू कोर्टातून मध्येच उठून गेलास. वकिलानं तुला पुढचं सांगितलं असेल, पण ते त्याच्या सोयीनं. म्हणून लिहिते.

माझी साक्ष तू ऐकलीस. तुझ्या वकिलानं विचारलं की तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत तर आज खरं बोलताय कशावरून? मी म्हणाले, तेव्हा नोकरी नुकतीच लागली होती, आज ती जाणार आहे. लोक हसले. तू हसला नाहीस. मी 'नऊ दिवस' म्हणाले तेव्हा तू टोपी उचललीस आणि निघून गेलास. सहा वर्षांत पहिल्यांदा ते कुणीतरी तुझ्यासमोर मोठ्यानं म्हणालं, आणि तुला बसवेना. मला तुझी दया आली नाही. कधी येईल असंही आज वाटत नाही.

नंतर जज्जसाहेबांनी वहिनींना पुढं बोलावलं. आज वार कोणता, महिना कोणता, मोहोळहून सोलापूरला कसं येता, अकरा माणसांना पीठ किती लागतं. वहिनींनी धडाधड सांगितलं. अपत्यं किती? "दोन. एक हाय, एक गेली." लिहिणाऱ्या कारकुनानं तसं उतरवून घेतलं.

आमच्या वकिलानं आणि मी वहिनींना एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. नवऱ्याकडं नांदायला मी तयार आहे. तेवढं म्हटलं की तुझा अर्ज फेटाळला जाईल आणि तुला त्यांना न्यावं लागेल, असा आमचा हिशेब. साहेबांनी विचारलं, नांदायला तयार आहात ना? मी बाकावर बसून त्यांच्याऐवजी मान हलवत होते. पोरगी कविता म्हणायला उभी राहिली की बाई खालून ओठ हलवतात तशी.

वहिनी म्हणाल्या, "न्हाय, साहेब."

आमचे वकील उठले. साहेबांनी त्यांना हातानं खाली बसवलं. वहिनींचा आवाज चढला नाही. सतरंजी झटकावी तसा त्यांनी पदर झटकून खांद्यावर घेतला आणि एकेक सांगत गेल्या. "मी येडी न्हाय, हे आदी लिवा. मग त्यास्नी सोडचिट्टी पायजे तर मी देते. पर येडी म्हून टाकलेली नगं. शानी हाय आन मीच जात न्हाय, असं लिवा. आन पोरगी माजी हाय. तिला मी वाडिवनार." साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, "शिकिवल्यालं येगळं व्हतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वेडाच्या मुद्द्यावर तुझ्या अर्जात दम नाही असं त्यांनी तोंडानं बोलून दाखवलं आणि अठरा एप्रिल तारीख दिली. दोघांच्या संमतीनं वेगळं होण्याची वाट नव्या कायद्यात आहे. तू हा अर्ज मागं घेतलास, छबूला आईच्या ताब्यात दिलंस, तर वहिनी त्या कागदावर सही करतील. हवी होती ना सुटका? मग त्यांच्या अटीवर घे.

कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मी वहिनींवरच चिडले. म्हणाले, सात महिने माझ्या खोलीत राहिलात, एकदा तरी सांगायचं की जायचं नाही म्हणून. मी नोकरी पणाला लावली ती तुम्हाला घर मिळावं म्हणून. त्या पायरीवर थांबल्या आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "तुमी कवा इचारलं, वन्सं? तुमी तर सांगत व्हता."

तुझ्यावर इतकी पत्रं लिहिली, इतकी आग पाखडली, आणि हे वाक्य माझ्या वाट्याला आलं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं बरंच होतं, ते सगळं मी मनात म्हणून पाहिलं आणि एकही टिकलं नाही. गुरुवारी लोकांच्या सासवांना बोट वर करून गप्प बसवणारी मी. रिक्षात बसेपर्यंत मला रडू आवरलं नाही. वहिनींनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

माझ्या नोकरीचं म्हणशील तर नोटीस आली आहे. उत्तर दिलं आहे, त्यात काही नाकारलेलं नाही. गुरुवारची बैठक बंद झाली. पुण्याच्या प्राध्यापिकेला एकशे एकेचाळिसाव्या कागदाबद्दल लिहून कळवलं, त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. नागूबाई मात्र काल सिद्रामप्पाला घेऊन आली होती. दवाखान्यात मी सापडले नाही म्हणून विचारत विचारत घरी आली, आणि दोघं चहा घेऊन गेली.

वहिनी आज सकाळी इथून गेल्या. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालंय, राहायला खोली आहे, छबूला शाळा जवळ पडेल. राहा म्हणून मी आग्रह केला नाही. सही करायची असेल तर तुझ्या वकिलाला आमच्या वकिलाकडं पाठव.

तू निरोप धाडशील, हिंदुरावला पाठवशील, कदाचित स्वतःही येशील. म्हणून त्यांच्या खोलीचा पत्ता तुला कळवू का, असं मी निघताना त्यांना विचारलं. त्या नाही म्हणाल्या.

विजू